लाईन गेली की गोळी

"झोपताना एक गोळी."

डॉक्टरच्या चिठ्ठीवर एवढंच लिहिलेलं होतं. मी दहावी पास आहे, वाचता येतं मला. वाचलं, समजलं अन् बराबर तसंच केलं. एक दिवस चुकवला न्हाई. तरीबी चार महिने माझी जी वाट लागली, तिचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला न्हाई. हे लिहून राह्यले ते त्याच रागानं. कुणाला बरं वाटावं म्हणून गोड गोड लिहिणं मला जमत न्हाई. ज्यांना मनाच्या आजाराची गोळी चालू आहे त्यांना एकच सांगायचंय. गोळी कोणती घ्यायची ते डॉक्टर बघतो, पण कवा घ्यायची हे ठरवताना तुमचा दिवस कसा जातो ते त्याला सांगा. त्यानं विचारलं न्हाई तरी सांगा. टेबलावर हात आपटून सांगा.

माझं नाव सुमन. वय चव्वेचाळीस. राजूर अन् केदारखेड्याच्या मधे, रोडापासून आत आमची वस्ती आहे. तिथं माझी दळणाची गिरणी आहे. माझी म्हणजे माझीच. माझ्या बापानं मेंढरं मोडली त्या वर्षी त्या पैशातून मला दगड, मोटार अन् पट्टा घेऊन दिल्ता. म्हणला, "पोरी, मी जल्मभर मेंढरामागं फिरलो. तू एका जागी बस अन् लोकांना तुझ्याकडं येऊ दे." सोळा वर्षं झाली, लोक येतात. कुणाच्या बाजरीवर कुणाचे गहू टाकायचे न्हाईत, कुणाला भाकरीला कसं पीठ लागतं, उपासाच्या भगरीआधी दगड कसे साफ करायचे, हे समदं मला झोपेत विचारलं तरी येतं.

आता आमच्या लाईनचं सांगते, कारण पुढचं समदं रामायण तिच्यामुळं आहे. गावात चोवीस तास लाईट असते. आमची वस्ती शेतीच्या लाईनवर. बल्ब, पंखा कधीबी चालतो, पण विहिरीवरची मोटार अन् गिरणी चालायला थ्री फेज लागते. ती आम्हाला चार दिवस दिवसा भेटते अन् तीन दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की लोक संध्याकाळी डबे आणून ठेवतात, डब्यावर खडूनं नाव टाकतात, अन् मी रात्रभर दळून ठेवते. पहाटं लाईन गेली की गिरणी बंद. सोळा वर्षं हे असंच चालून राह्यलं. मला त्यात काही वावगं वाटलं न्हाई.

काहीच झालं न्हव्हतं

लोक विचारायचे, "तुला काय झालं गं?" काहीच झालं न्हव्हतं. हाच तर वांधा होता. लेकीचं लग्न होऊन ती चांगल्या घरी गेल्ती. शेतात कापूस होता. सासू कटकट करते, पण कोणाची करत न्हाई? असं काहीबी न होता एक दिवस मी गिरणीसमोर उभी होते अन् मला कशाचंच काही वाटेना. भूक न्हाई. झोप न्हाई. लेकीचा फोन आला की वाटायचं, कवा ठेवते ही. पीठ हातावर पडायचं, त्याचा गरमपणा कळायचा न्हाई. एका बाईनं माझ्यासमोर दुसरीच्या डब्यातलं ओंजळभर पीठ आपल्या डब्यात घेतलं. एरवी मी तिला रोडापर्यंत हाकललं असतं. मी नुसती बघत राह्यले.

"हिला काय कमी हाय?" हे वाक्य मी त्या सहा महिन्यांत इतक्या तोंडून ऐकलं, की आजबी कोणी बोललं तर माझ्या अंगाची लाही लाही होते. अरे, कमी काय आहे ते कळलं असतं तर मी बाजारातून आणलं नसतं का?

शेवटी लेक आली, तिनं माझा अवतार बघितला अन् बापाला म्हणली, "आईला जालन्याला मनाच्या डॉक्टरकडं न्या, न्हाई तर मी नेते." मंग आमचे मालक उठले. मालक म्हणजे माझा नवरा. ह्या माणसाच्या तोंडात देवानं शब्द मोजून घातलेत. चोवीस वर्षांच्या संसारात मला वाटतं आम्ही दोन दिवसांचं बोललो असू.

जालन्याला दवाखान्यात माणसांची मोठ्ठी लाईन होती. बाकड्यावर बसायला जागा न्हव्हती. मी भिंतीला टेकून उभी राह्यले तर एका सिस्टरनं स्वतःची खुर्ची आणून पंख्याखाली ठेवली अन् म्हणली, "बसा मावशी, तुमचा नंबर आला की मीच हाक मारते." तिचं तोंड मला आजबी आठवतं. त्या दिवसात माझ्याशी नीट बोलणारी ती पहिली बाई.

आत डॉक्टरनं मान खाली घालूनच विचारलं.

"झोप लागते?"

"न्हाई."

"भूक?"

"न्हाई."

"रडू येतं?"

"ते बी येत न्हाई."

"जगू नये असं वाटतं?"

मी "हो" म्हणलं. इतक्या सरळ म्हणलं की माझं मलाच नवल वाटलं. मालक माझ्या मागं उभे होते. त्यांना ते डॉक्टरच्या बरोबरच कळलं. डॉक्टरनं तेवढ्यापुरती मान वर केली, बरंच काही विचारलं, मालकांना सांगितलं की ह्यांना एकटं सोडू नका, अन् सांगितलं की हा आजार आहे, येड न्हाई, औषधानं बरा होतो. हे त्यांनी चांगलं सांगितलं, मी नाकारत न्हाई. मंग चिठ्ठी लिहिली. झोपताना एक गोळी. पुढचा नंबर.

राजूरला उतरलो तर गणपतीच्या देवळाला चतुर्थीची ही गर्दी. नारळवाले, फुलवाले, गाड्या, पोरं, समदा रस्ता भरलेला. मालकांनी न बोलता माझा हात धरला अन् रस्ता पार करून दिला. लोकांसमोर त्यांनी माझा हात धरल्याचं मला दुसरं काही आठवत न्हाई.

गोळीचं टाईमटेबल

आता मला सांगा, "झोपताना" म्हणजे कवा?

दिवसाची लाईन असली की मी रात्री दहाला झोपते. मंग दहाला गोळी. रात्रीची लाईन असली की मी पहाटं पाचला झोपते. मंग पाचला गोळी. चिठ्ठीवर जसं लिहिलं तसं. लाईन गेली की गिरणी बंद, गिरणी बंद झाली की झोप, झोप आली की गोळी. मी तर स्वतःवर खूश होते, की बघा, एवढ्या आजारातबी मी किती नियमानं औषध घेऊन राह्यले.

अन् गोळी लागू पडून राह्यली होती, हे पण खरं. दुसऱ्या महिन्यात एक दिवस ज्वारीचं पीठ हातावर पडलं अन् मला त्याचा वास आला. किती दिवसांनी! मी पिठाच्या हातानं तोंड झाकून रडले. दळणाच्या लाईनमधल्या बायकांना वाटलं, हिचं कोणी गेलं का काय.

पण दोन दिवस बरे जायचे अन् तिसऱ्या दिवशी असं व्हायचं की जीव नकोसा. डोक्यात मधूनच करंट बसल्यासारखा झटका यायचा, चक्कर यायची, मळमळायचं, उगंच रडू यायचं. मंग एखाद्या दिवशी इतकी गुंगी की उभ्या उभ्या डोळे मिटायचे. परत दोन दिवस ठीक. मला वाटायचं, माझा आजारच असा मेला लबाड आहे.

मंग सल्ले सुरू झाले. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणल्या, "गोळी गरम पडून राह्यली. दुधासंग घे, सकाळच्या पारी." राजूरच्या मेडिकलवाल्यानं दुकानात चार माणसं उभी असताना मोठ्यानं विचारलं, "काकू, ही डोक्याची गोळी तुमचीच का? दुपारी जेवून घेत जा, बिलकुल तकलीफ होणार न्हाई." डोक्याची गोळी! मी घरी पोचायच्या आधी ती बातमी वस्तीवर पोचली. माझ्या धाकट्या दिराचं म्हणणं, एक दिवसाआड घ्यावी, म्हणजे सवय लागत न्हाई. दीर मिरचीचे व्यापारी, हंगामभर पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात असतात. गोळीचं त्यांना काय कळतं ते त्यांनाच माहीत. पण बोलतात असं की ऐकणाऱ्याला वाटावं, ह्यांनीच शोध लावलाय.

ज्याच्या त्याच्याकडं माझ्या गोळीची एक वेळ होती. पण "सुमन, तू कवा घेतेस?" असं एकानं विचारलं असेल तर शपथ.

दगडावर दगड

त्या दिवशी पाळी बदलायची होती. रात्रीची शेवटची पाळी पहाटं संपली, मी पाचला गोळी घेऊन आडवी झाले, अन् साडेआठला दिवसाची लाईन आली. बाहेर डबे लागलेले. मी उठले, तोंडावर पाणी मारलं, गिरणी चालू केली अन् वरच्या पेटीत गहू ओतून स्टुलावर बसले.

पुढचं मला आठवत न्हाई. शमीमआपानं सांगितलं ते सांगते. शमीमआपा केदारखेड्याची, शिवणकाम करते. वयानं माझ्याहून मोठी, पन्नाशीची. गेली दहा वर्षं तिची ज्वारी माझ्याच गिरणीवर येते. ती म्हणली, पेटीतला गहू संपला अन् दगडावर दगड घासायला लागला. ठिणग्या उडल्या, जळका वास सुटला. बायका ओरडल्या. मी स्टुलावर मान टाकून झोपलेले अन् माझा हात पट्ट्यापासून चार बोटांवर लोंबकळत होता. तिनं धावत जाऊन खटका पाडला. मी जागी झाले ती तिच्या शिव्यांनी. एवढी गोड बाई, पण त्या दिवशी तिनं मला मायबहीण काही शिल्लक ठेवलं न्हाई.

संध्याकाळी घरात पंचायत बसली. आत्याबाई, मालक अन् भाऊजी. भाऊजी म्हणजे तेच मिरचीवाले दीर. ते म्हणले, "वहिनी, बोलणं वाईट वाटंल, पण एक तर गोळी सोडा न्हाई तर गिरणी सोडा. दोन्ही संगं चालणार न्हाई."

भाऊजींनी खुंटीवरची गिरणीची चावी काढली अन् खिशात घातली.

माझ्या बापाची मेंढरं अन् ह्यांचा खिसा! आज लिहिताना तळपायाची आग मस्तकात जाते. त्या दिवशी मात्र मी नुसती मान डोलावली. मी गिरणी निवडली. गोळी सोडली. एका दिवसात, कोणालाबी न विचारता.

असं करू नका. मी हात जोडून न्हाई, दरडावून सांगते. करू नका. त्या आठ दिवसांचं मी फार लिहिणार न्हाई. डोक्यातले झटके, घाम, अन् मंग तो जुना अंधार, आधीपेक्षा काळा. मालक आठ दिवस शेतात गेले न्हाईत. मी उठले की उठायचे, मी बसले की बसायचे. मी म्हणलं, "माझ्या मागं मागं काय फिरून राह्यले?" तर म्हणले, "डॉक्टरनं सांगितलंय." तेवढंच.

अन् नवव्या दिवशी मी चावी मागितली. म्हणलं, सोडली गोळी, द्या गिरणी. तर भाऊजी काय म्हणले?

"आधी बऱ्या व्हा वहिनी. मंग बघू."

म्हणजे गोळीबी गेली अन् गिरणीबी गेली. वा रे वा!

शमीमआपाचा खडू

शमीमआपा दोन दिवसांनी आली. रमजान चालू होता, ती रोज्यात होती. पाणीबी घेतलं न्हाई, माझ्याजवळ ओट्यावर बसली अन् म्हणली, "आता सांग. गोळी कवा घेत होतीस?"

मी म्हणलं, "झोपताना."

"झोपताना म्हणजे कवा? टाइम सांग."

मी सांगितलं. दिवसाच्या लाईनला दहा, रात्रीच्या लाईनला पाच. तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, पिशवीतून कपडे आखायचा खडू काढला अन् एकेका तारखेवर वेळ टाकत गेली. मंग बोटांवर मोजलं. एका जागी दोन गोळ्यांच्या मधे एकतीस तास झालेले. दुसऱ्या जागी सतराच.

"या अल्लाह! सुमन, ही गोळी हाय का एसटी? कधी दोन लागोपाठ, कधी दिवसभर पत्ता न्हाई!"

मी म्हणलं, "डॉक्टरनं झोपताना लिहिलं होतं, मी काय करू?"

"अगं, मला शुगर हाय. रमजान लागायच्या आधी मी डॉक्टरकडं जाते. पहाटंची सहेरी किती वाजता, संध्याकाळी रोजा सोडायचा इफ्तार किती वाजता, समदं त्यांना सांगते. मंग ते ठरवतात, कोणती गोळी कवा, किती. माझ्या मनानं मी एक गोळी इकडची तिकडं करत न्हाई. तू सांगितलंस का त्यांना, की तुझी रात्र लाईनवाल्याच्या हातात हाय?"

न्हव्हतं सांगितलं. कसं सांगणार? मला हे सांगायची गोष्ट आहे हेच माहीत न्हव्हतं. अन् त्यांनाबी विचारायची गोष्ट आहे हे माहीत न्हव्हतं. त्यांच्याकडं रोज शंभर माणसं येतात. त्यातली निम्मी रात्री शेतात पाणी भरायला जाणारी. त्या समद्यांना "झोपताना" लिहून देतात अन् एकालाबी विचारत न्हाईत, बाबा, तू झोपतोस कवा?

मी त्या कॅलेंडरकडं बघत राह्यले अन् माझ्या पोटातून काहीतरी वर आलं. मला वाटलं रडू आहे. रडू न्हव्हतं. राग होता. वर्षभरानं आलेला राग! डॉक्टरचा, मेडिकलवाल्याचा, भाऊजींचा, माझ्या स्वतःच्या शहाणपणाचा. मी हातातला तांब्या अंगणात भिरकावला. कोंबड्या उधळल्या. शमीमआपा दचकली, मंग हसायला लागली.

"आली बाई माझी सुमन," म्हणली, "आता जल्दी चल जालन्याला. मी येते संगं."

घड्याळाची रात्र

रोजा असताना ती बाई माझ्यासंग एसटीनं जालन्याला आली. डॉक्टर तेच. मान खाली. मी ते कॅलेंडर त्यांच्या टेबलावर आपटलं.

"हे बघा," मी म्हणलं, "तुम्ही झोपताना लिहिलं, मी झोपताना घेतली. माझा हात पट्ट्यात जाणार होता."

त्यांनी कॅलेंडर बघितलं. विचारलं, "हे असं का?" मी थ्री फेजचं सांगितलं. ते जालन्याचे, त्यांच्या घरी चोवीस तास लाईट. त्यांना समजायला वेळ लागला. मंग पेन खाली ठेवलं अन् म्हणले, "मी विचारायला हवं होतं. माझी चूक झाली."

एवढ्या मोठ्या माणसानं असं म्हणल्यावर माझा अर्धा राग जायला पाहिजे होता. पाव गेला.

मंग मात्र त्यांनी नीट समजावलं. म्हणले, ही गोळी कुणाला गुंगी आणते, कुणाची झोप उडवते. ज्याची झोप उडते त्याला सकाळी देतात. तुम्हाला गुंगी येते, सकाळी दिली तर परत पट्ट्यापाशी डुलक्या घ्याल. म्हणून रात्रीच. पण घड्याळाची रात्र. नऊ म्हणजे नऊ, लाईन असो नसो. अन् मधे सोडली होती म्हणून परत कमीपासून सुरू करायची, हळूहळू वाढवायची. एखाद्या दिवशी राहिलीच तर दोन एकदम घ्यायच्या न्हाईत, मला फोन करायचा.

मंग विचारलं, "पण नऊनंतर तुम्ही मशीनवर बसायचं न्हाई. झोपायचं. औषधाइतकीच रात्रीची झोप लागते तुम्हाला. धंद्याला जमेल?"

मी शमीमआपाकडं बघितलं. ती म्हणली, "जमवंल ती." तीन रात्री गिरणी बंद म्हणजे गिऱ्हाईक दुसरीकडं जाणार, अन् भाऊजींना पाहिजे तेच होणार.

घरी आल्यावर मी सरळ भाऊजींच्या दारात गेले. हात पुढं केला. म्हणलं, "चावी."

"वहिनी, आपलं ठरलं होतं ना..."

"तुमचं ठरलं होतं. गोळीबी घेणार अन् गिरणीबी चालवणार. दिवसा."

"अन् रात्रीच्या पाळीला?"

"रात्रीच्या पाळीला कुलूप."

"म्हणजे अर्धीच गिरणी? लोक हसतील."

मागून आवाज आला. आत्याबाई होत्या. मला वाटलं आता ह्याबी सुरू होतात. त्या म्हणल्या, "दे रं चावी. दगड तिच्या बापाचे हायेत. तुझ्या बापानं आणलेत का?" भाऊजींचा बाप म्हणजे आत्याबाईंचाच नवरा, पण ते त्यांच्या लक्षात आलं न्हाई, अन् आमच्यातल्या कोणाची हसायची हिंमत झाली न्हाई. चावी मिळाली.

जाडं पीठ

नऊची गोळी चालू होऊन तीन महिने झाले. डोक्यातले झटके गेले. सकाळी सहाला जाग येते अन् भूक लागते. समदं गोड झालं असं न्हाई. मधे आठवडा असा येतो की उठावंसं वाटत न्हाई. तरी मी गोळी घेते अन् डॉक्टरला फोन करते. गिऱ्हाईकं काही तुटली, बरीच राह्यली. ज्या बाया गेल्या त्यांच्या नावानं मी रोज बोटं मोडते, ते वेगळं.

मागच्या महिन्यात भाऊजींच्या मेव्हण्याच्या घरी लग्न निघालं. पोळ्यांचे दोन क्विंटल गहू आमच्या गिरणीवर आले, अन् नेमकी रात्रीची पाळी. रात्री पावणेनऊला भाऊजी पोती घेऊन दारात.

"वहिनी, आजची रात तेवढी. सकाळी आचारी लागणार हायेत."

"न्हाई जमणार."

"एक दिवस गोळी उशिरा घेतली तर काय आभाळ कोसळणार हाय का?"

खरं सांगू? मी डगमगले. सोळा वर्षं लग्नाचं दळण मी परत पाठवलेलं न्हाई. वस्तीत तोंड दाखवायचंय, पाव्हणे बोलणार, आत्याबाई आतून बघून राह्यलेल्या. हात चावीकडं गेला पण. मंग मी घड्याळ बघितलं. नऊला पाच कमी. मी भाऊजींच्या समोर पाणी घेतलं, गोळी घेतली अन् रिकामं पाकीट त्यांना दाखवलं.

"झालं," म्हणलं, "आता मी झोपले."

भाऊजी तोंडाला येईल ते बोलायला लागले. तेवढ्यात बाजेवर बसलेले मालक उठले अन् म्हणले, "चावी दे. मी दळतो."

सोळा वर्षांत ह्या माणसानं गिरणीत पाऊल टाकलेलं न्हाई. बाईमाणसाचं काम म्हणून. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला असा संताप आला की काय सांगू.

"हे वर्षापूर्वी का न्हाई सुचलं?" मी ओरडले, "मी पहाटं पाचला भिंती धरून घरात यायचे, तवा कुठं होते?"

मालक माझ्याकडं वळले. मंग म्हणले, "मला वाटलं, तू चावी देणार न्हाईस."

मी चावी त्यांच्या अंगावर फेकली. त्यांनी ती उचलली.

पडल्या पडल्या मला गिरणीचा आवाज येत होता. दगड सैल ठेवले होते, पीठ जाडं पडणार, हे आवाजावरूनच कळत होतं. उठून दगड दोन फेरे आवळावेत असं इतकं वाटलं, की हाताच्या मुठी वळल्या. उठले न्हाई. मंग कधीतरी झोप लागली.

सकाळी मी भाकरी थापून राह्यले होते तर भाऊजी पीठ मुठीत घेऊन आले. माझ्यासमोर मूठ उघडली.

"बघा वहिनी. रवा हाय का पीठ? याच्या पोळ्या व्हायच्या? पाव्हणे काय म्हणतील?"

मालक मागं उभे, अंगभर पिठानं पांढरे, डोळे लाल. मी ते पीठ बोटांत धरून बघितलं. खरंच जाडं होतं. माझ्या गिरणीतून असं पीठ आजपर्यंत बाहेर गेलेलं न्हाई.

"भाऊजी," मी म्हणलं, "जाडं पीठ खाऊन कुणी मेलेलं मी पाहिलं न्हाई. तुमच्या बारीक पिठापायी मी मरायला टेकल्ते, ते तुम्ही पाहिलंय. पोती उचला."

त्यांनी पोती उचलली.